आधी पाट, मग रान

सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या सायकली एकदा मोजून बघा. त्यांतल्या निम्म्या तरी जाड टायरच्या, पुढे सस्पेन्शनवाल्या माउंटन बाइक निघतील. त्या कंटाळ्याने पडून राहत नाहीत. पहिल्याच रविवारी चुकीची वाट निवडली जाते आणि तिथेच सगळं संपतं. ‘माउंटन’ हा शब्द मनावर घेऊन माणूस थेट सिंहगडाच्या घाटाला लागतो, अर्ध्या वाटेत उतरतो, सायकल ढकलत वर नेतो, आणि पुढच्या रविवारी गुडघ्याला मलम लावून घरी बसतो. अशा सायकलीची ओळख डोंगरावर करून घेऊ नये. तिला आधी पाटाच्या कडेने न्यावं. पाटावर पाय तयार होतात, हात नंतर रानात तयार होतात. या क्रमाने गेलात तर चाळिशी-पन्नाशीतही हा नाद जडतो आणि टिकतो.

आधी पाटच का, तर पाण्याला चढ चालत नाही. धरणातून निघालेला कालवा आपल्या वजनाने वाहत जावा म्हणून त्याला उतार देतात तो इतका बेताचा असतो की काही किलोमीटरमागे जेमतेम मीटरभर पातळी खाली येते. मध्ये टेकाड आलं तर कालवा त्याला वळसा घालतो, ओढा आला तर जलसेतूवरून पलीकडे जातो. त्याच्या काठाने देखभालीसाठी जो मुरमाचा रस्ता केलेला असतो, तोही साहजिकच सपाट. म्हणजे डांबर नाही, ट्रक नाहीत, सिग्नल नाही आणि चढही नाही. शिवाय हरवण्याची भीती नाही. जाताना पाणी डाव्या हाताला असेल तर येताना ते उजव्या हाताला असलं पाहिजे, एवढा भूगोल पुरतो.

महाराष्ट्रात अशा वाटांना तोटा नाही. खडकवासल्यातून निघणारा मुठा उजवा कालवा पुणे शहराच्या पोटातून जातो. शहरातला तुकडा सायकलीसाठी सोडून द्या. तिथे वस्ती, भिंती आणि कचरा यांतून वाट काढावी लागते. हडपसर मागे पडल्यावर लोणी काळभोर, उरुळी कांचनकडे शेतं सुरू होतात तेव्हा कालवा खरा मोकळा होतो. वीरमधून निघणारे नीरेचे दोन कालवे आहेत, डावा बारामती-इंदापूरकडे आणि उजवा फलटण-माळशिरसकडे. ऊस, केळी, मधूनच गुऱ्हाळ असा तो सगळा मुलूख. नाशिक-नगरकडच्यांना गोदावरीचे आणि प्रवरेचे कालवे आहेत, मराठवाड्यात पैठणहून निघणारे जायकवाडीचे. गोदावरीचे कालवे जिथून फुटतात तो नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा म्हणजे पक्षी अभयारण्य. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. हिवाळ्यात तिथे जाणार असाल तर अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याचे नियम पाळा आणि घंटी वाजवायचा मोह आवरा.

कालव्यालगतचा रस्ता हा सार्वजनिक रस्ता नव्हे, हे मात्र पक्कं लक्षात ठेवावं. तो जलसंपदा खात्याचा आहे आणि खात्याच्या कामासाठी आहे. गावकरी तो वर्षानुवर्षं वापरतात म्हणून आपल्यालाही सहसा कुणी अडवत नाही, पण अडवलं तर वाद घालू नये, मागे फिरावं. सगळ्यात चांगलं म्हणजे पाटकऱ्याला, म्हणजे कालव्याचं पाणी बघणाऱ्या खात्याच्या माणसाला, गाठणं. कुठला पूल खचलाय, कुठे रस्ता नाल्यात उतरतो, कुणाच्या वस्तीवरचं कुत्रं चावरं आहे, आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सुटणार, हे त्याला जितकं ठाऊक असतं तितकं कुठल्याही नकाशाला नसतं. चहाच्या टपरीवर दहा मिनिटं त्याच्याशी बोलण्यात घालवलीत की पुढचा तासभर वाचतो.

नकाशा बघायचाच, पण उपग्रहाचा. साध्या नकाशात कालवा निळ्या रेघेने दिसतो, काठावर रस्ता आहे की नाही ते कळत नाही. उपग्रहाच्या चित्रात बहुधा एका काठाला मातकट पट्टा स्पष्ट दिसतो, दुसऱ्या काठावर नुसती झाडी. पट्टा ज्या काठावर असेल तोच धरा. पट्टा कुठे तुटतो तेही बघून ठेवा. ओढ्यावर कालवा जलसेतूवरून जातो, पण सेवारस्ता बऱ्याचदा ओढ्याच्या पात्रात उतरून पलीकडे चढतो. अख्ख्या वाटेवरचा खरा चढ-उतार तेवढाच असतो आणि नवखा पडतोही तिथेच. पहिल्या दोन-चार वेळा तिथे सरळ उतरून चालावं. जलसेतूच्या अरुंद कठड्यावरून सायकल नेण्याचा शहाणपणा कुणीही करू नये.

आवर्तनाचं गणित समजलं तर फायदा होतो. सिंचनाचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. खरीप हंगाम १४ ऑक्टोबरपर्यंत, तिथून फेब्रुवारीअखेरपर्यंत रब्बी आणि मार्च ते जून उन्हाळी. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत पाणी किती आणि कधी सोडायचं ते ठरतं, स्थानिक वर्तमानपत्रात त्याची बातमी येते. पाणी सुटलेलं असताना काठावर वर्दळ असते. मोटारींचे पाइप, विजेच्या केबली रस्त्यावर आडव्या पडलेल्या असतात. पाइप दिसला की वेग कमी करा, त्याला काटकोनात सामोरे जा, हँडल हलकेच उचलून पुढचं चाक पलीकडे ठेवा आणि मागचं आपसूक येऊ द्या. तिरपे गेलात तर ओला प्लास्टिकचा पाइप चाक आडवं पाडतो. केबल दिसली तर मात्र उतराच. तिचं वरचं आवरण कधीचं झिजलेलं असतं आणि जमीन ओली असते.

आता पाण्याबद्दल, आणि इथे जरा थांबून वाचा. अस्तर केलेला कालवा दिसायला शांत असतो, पण त्यात पडलेल्या माणसाला बाहेर येणं फार अवघड. बाजू तिरप्या, गुळगुळीत, वर शेवाळ. धरायला काही नसतं आणि पाणी पाय टेकू देत नाही. पोहता येणारी माणसंही अशा कालव्यांत बुडतात. म्हणून हात-पाय धुवायला, बाटली भरायला, चाकाचा चिखल काढायला काठावरून खाली उतरू नका. कपडे धुण्यासाठी बांधलेल्या पायऱ्या असतील तिथेच, आणि तेही एकाला वर उभं ठेवून. कुणी पडलंच तर मागे उडी घेऊ नये. दोर, ओढणी, लांब फांदी, जे हाती येईल ते टाकावं आणि काठाने पुढे पळत पुढच्या पायऱ्या किंवा पूल गाठावा. सोबत लहान मुलं असतील तर ती पाण्याच्या उलट्या बाजूला, मोठी माणसं पाण्याच्या बाजूला, हा क्रम कधी मोडू नये. वारा आडवा असेल तर सगळ्यांनीच काठापासून दोन हात आत राहावं.

काठही नेहमी दिसतो तितका भरवशाचा नसतो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात मुठा कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या परिसरात घराघरांत पाणी शिरलं. तेव्हा उंदीर, घुशी, खेकडे यांच्या बिळांचं कारण पुढे आलं आणि त्यावर बरीच थट्टाही झाली. भरावावरून सायकल चालवणाऱ्याला मात्र ही बिळं थट्टेची वाटत नाहीत. पावसाळ्यानंतर भरावाच्या कडेला गवतात लपलेली भोकं पुढचं चाक गिळतात. म्हणून सेवारस्त्याच्या मधोमध चाला, गवताच्या पट्ट्यावर चाक घालू नका.

पंक्चर हा पाटावरचा सगळ्यात खात्रीचा पाहुणा. कालव्याच्या काठाला बाभूळ असते, वेडी बाभूळ तर हमखास असते, आणि तिचे वाळलेले काटे मुरमाच्या रंगाचेच असतात. पावसाळा सरला की सराटे सुरू होतात. त्यामुळे जाताना दोन जादा ट्यूब, टायर काढायचे प्लास्टिकचे चमचे, पंप आणि एक बारीक चिमटा न चुकता घ्या. चिमटा विसरलात तर बाकीचं सामान असून नसल्यासारखं आहे. टायरच्या आतून काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब बसवली की ती अर्ध्या किलोमीटरवर बसते. टायरच्या आत बोट फिरवू नका, कापड फिरवा. काटा असेल तिथे कापड अडकतं आणि बोट शाबूत राहतं. ट्यूबमध्ये सीलंट भरून घेतलं तर बारीक छिद्रं आपोआप बुजतात. बाभळीच्या मुलखात या खर्चाइतका वसूल होणारा दुसरा खर्च मला ठाऊक नाही.

सायकल कोणती, हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात. मी त्याला इतक्या खाली ढकललाय कारण तो तितका महत्त्वाचा नाही. पुढे साधं सस्पेन्शन किंवा तेही नाही, मागे काही नाही, टायर दोन इंचांच्या आसपास रुंद, ब्रेक चांगले, बस्स. दुकानात कमी किमतीत मागे-पुढे दोन्हीकडे स्प्रिंग लावलेली सायकल मोठ्या कौतुकाने दाखवतात. ती घेऊ नका. स्प्रिंगचं वजन तुम्ही वाहता आणि प्रत्येक पेडलमागे ताकद त्या स्प्रिंगमध्ये जिरते. त्याच पैशांत साध्या फ्रेमची, बऱ्या गिअरची सायकल येते. घरी जुनी धट्टीकट्टी सायकल असेल आणि तिच्यात रुंद टायर बसत असेल, तर पाटापुरती तीही चालते.

हवेच्या दाबाकडे मात्र लक्ष द्या. पंपवाला टायर दगडासारखा टणक करून देतो. डांबरावर ते ठीक, मुरमावर नाही. मध्यम वजनाच्या माणसाला दोन इंची टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय पुरे. अंगठ्याने जोर लावल्यावर टायर किंचित दबला पाहिजे. दाब कमी ठेवला की चाक खड्यांवर उडत नाही, जमिनीला धरून राहतं, मनगटंही दुखत नाहीत. फार कमी केला तर दगडावर ट्यूब रिमला चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडीची भोकं दिसली की काट्याला दोष देऊ नका, हवा वाढवा.

पहिल्या दिवशी दहा-बारा किलोमीटर जाऊन-येऊन पुष्कळ झाले. जाताना वाऱ्याला तोंड द्या, येताना तो पाठीवर घ्या. उलटं केलंत तर दमलेल्या पायांना शेवटचा तास जड जातो. कालव्यावर आडोसा नसतो, त्यामुळे वाऱ्याला इथे चढाइतकंच महत्त्व आहे. हलका गिअर ठेवून पाय जलद फिरवायची सवय इथेच लावून घ्या. जड गिअर रेटत राहिलं की गुडघे बोलायला लागतात. खड्डे आले की दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवा, बैठकीवरून किंचित उठा, कोपरं सैल सोडा. नजर चाकाच्या पुढ्यात नको, दहा-पंधरा पावलं पुढे हवी. एवढं अंगात मुरलं की पाटाने त्याचं काम केलं.

पाटावर इतरांचाही हक्क आहे, आणि आपल्याआधीचा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उसाची तोडणी सुरू झाली की ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या याच रस्त्याने येतात. भरल्या ट्रॉलीला थांबता येत नाही, बाजू आपण द्यायची, आणि तीही पाण्याच्या उलट्या बाजूला. कपडे धुणाऱ्या बायांजवळून जाताना वेग कमी करा, फोटो काढत उभे राहू नका. वस्तीवरची कुत्री अंगावर आली तर पळण्यात अर्थ नाही. उतरावं, सायकल मध्ये आडवी धरावी, चालत पुढे व्हावं. मालक बहुधा आवाज देतोच. पुलांच्या कमानींना आग्या मोहोळ असतं, तिथे आरडाओरडा नको आणि त्या दिवशी अत्तरही नको. जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात उसात बिबट्याचा वावर असतो. तिथे फटफटलं की निघा आणि सूर्य मावळायच्या आत परत या.

महिनाभर पाटावर फिरून झालं की रानाकडे वळायला हरकत नाही. इथे सगळं उलटं होतं. वाट अरुंद, वळणांची, कधी मुळांवरून तर कधी सुट्या मुरमावरून. पाणी नसतं, म्हणून दिशाही नसते. इंग्लंडमध्ये वनखात्याच्या सायकलवाटांना हिरवा, निळा, लाल, काळा अशा रंगांनी अवघडपणा दाखवलेला असतो. हिरवी वाट कुणीही करावी, काळी वाट मुरलेल्यांनी. आपल्याकडे पाट्या नाहीत. तेव्हा रंग आपणच ठरवायचा, आणि त्याची सोपी रीत म्हणजे ती वाट आधी एकदा पायी चालून बघणं. जिथे चालताना हात टेकावा लागला तिथे सायकलवरून जायचं नाही.

कुठल्या रानात जायचं हे मनावर नाही, कायद्यावर आहे. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा ठरू शकतो, आणि अभयारण्यं-राष्ट्रीय उद्यानांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. म्हणून गावाजवळची रोपवनं, टेकड्या, वनखात्याने लोकांसाठी उघडलेल्या वाटा यांनी सुरुवात करावी आणि शंका असेल तिथे वनरक्षकाला विचारावं. मुंबईकरांना बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. दारातून कान्हेरी लेण्यांकडे जाणारा रस्ता डांबरी असला तरी दोन्हीकडे दाट झाडी आणि शेवटी दमवणारा चढ, मुलांना झाडीतल्या सायकलची गोडी लावायला उत्तम. पुण्यात वेताळ टेकडीसारख्या टेकड्यांवर सकाळी चालणाऱ्यांची रीघ असते. तिथे उताराला जोरात सायकल सोडणं हा उर्मटपणा आहे, आणि त्यामुळे पुढे सगळ्याच सायकलींना बंदी होते. चालणाऱ्याला वाट आधी, हा एकच नियम पाळला तरी भांडणं होत नाहीत.

पाट आणि रान एकाच ठिकाणी हवं असेल तर दक्षिण कोकणात तिलारीचे कालवे आहेत. दोडामार्ग तालुक्यातल्या झाडीतून ते गोव्यात उतरतात. मुलूख देखणा आहे, पण तिथे रानटी हत्ती फिरतात आणि गवेही आहेत. पहिल्या वर्षात तिकडे जाऊ नका. नंतरही गावातला माणूस सोबत असल्याशिवाय नको.

रानात हात शिकतात म्हटलं ते ब्रेकमुळे. सुट्या मुरमावर वळणात ब्रेक दाबला की चाक सरकलंच म्हणून समजा. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात ब्रेक सोडून द्यायचा. दोन्ही ब्रेक एका-एका बोटाने, हलके आणि एकाच वेळी. नुसता मागचा दाबला तर सायकल घसरते, नुसता पुढचा दाबला तर आपण हँडलवरून पुढे जातो. उतार लागण्याआधी बैठक दोन-तीन बोटं खाली घ्या, उतरताना पार्श्वभाग मागे न्या. चढ लागण्याआधीच हलका गिअर टाका. चढाच्या मध्यावर जोरात गिअर बदलला की साखळी कटकट करते आणि एखाद दिवशी तुटते. चढताना बैठकीच्या पुढच्या टोकावर बसा, छाती हँडलकडे न्या, म्हणजे पुढचं चाक उचललं जात नाही. आणि भीती वाटली तर उतरा. उतरून चालण्यात कमीपणा मानणारी माणसंच प्लास्टरमध्ये जातात.

सागाचं रान असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळीने सगळी वाट झाकून जाते. मोठमोठ्या वाळक्या पानांखाली दगड आहे की खड्डा, कळत नाही. शिवाय घोणस त्या पानांच्याच रंगाची असते, आणि खडकाळ माळावर फुरसं. थांबून बसायचं तर उघड्या खडकावर, बघून. पंक्चर काढायचं तर वाटेच्या मोकळ्या जागेत, पानांत हात न घालता. वणव्याचे दिवसही तेच. विडी-सिगरेट, चुलीवरचा चहा, काही नको. आग दिसली तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लावा, अपघात झाला तर ११२. दोन्ही फोनमध्ये साठवून ठेवा आणि कुठे जातो आहोत ते घरी सांगून निघा. रानात एकट्याने जाऊ नये. दोघांपेक्षा तिघे बरे, एक पडला तर एक थांबतो आणि एक मदतीला जातो.

अंगावर हेल्मेट हवंच, हातमोजेही हवेत. पडताना माणूस आधी तळहात टेकतो. साधा चष्मा असला तर धूळ, चिलटं आणि बाभळीची फांदी यांपासून डोळे वाचतात. दोन लीटर पाणी, थोडे गूळ-शेंगदाणे, सुटे पैसे. कपड्यांवर खर्च करायची घाई नको.

पावसात मात्र दोन्हीकडे जाऊ नका. काळी माती ओली झाली की टायरला चिकटते, फ्रेमच्या आणि चाकाच्या फटीत भरते आणि सायकल जागची हलत नाही. तिला खांद्यावर घेऊन चालत परतावं लागतं. रानातल्या ओल्या वाटेवर चाकांनी चर पडतात, पुढच्या पावसात त्याच चरांतून माती वाहून जाते आणि वाट कायमची बिघडते. पाऊस उघडल्यावर चार-सहा दिवस कडक ऊन पडू द्या. चिमूटभर माती बोटांत दाबून बघा, गोळा झाला तर घरी परत, भुगा झाला तर निघा.

सगळ्यात चांगले दिवस ऑक्टोबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचे. त्यातही दिवाळीच्या आसपासचे सुरुवातीचे आठवडे सरस, कारण जमीन वाळलेली असते, धूळ अजून उडत नसते आणि बहुतेक भागांत तोडणीच्या ट्रॉल्या रस्त्यावर आलेल्या नसतात. तोपर्यंत सायकल पार्किंगमधून काढून ब्रेकच्या तारा बदलून घ्या, साखळीला तेल द्या, ट्यूबमध्ये सीलंट भरा, आणि जवळच्या कालव्याचा पाटकरी कोण आहे ते विचारून ठेवा.